खोटे जन्मसाल

मुलगा १० वर्षांचा. इन्स्टाग्रामची अट १३ची. मग खाते उघडले कोणी? पुष्कळ घरी आईनेच, नाहीतर लाडापोटी आजोबांनी! आणि ओरड मात्र कंपन्या मुले बिघडवतात अशी.

आम्ही जन्मभर परिचारिकेचे काम केले. तापाचे औषध घेताना मुलाचे वय वाढवून सांगणारी आई आम्हांस भेटली नाही. डोस चुकेल हे तिला कळते. इथे खोटे वय मुलाबरोबर वाढत जाते. खरे १५ भरले की कंपनीच्या वहीत तो १८चा होतो, आणि अल्पवयीनांची बंधने त्याला राहत नाहीत.

ऑस्ट्रेलियात १० डिसेंबर २०२५ पासून १६ खालील मुलांना अशी खाती ठेवण्यास बंदी आहे. दंड कंपनीला, ४९५ लाख डॉलरपर्यंत. आईबापांना काही नाही. म्हणून आईबाप सुटले काय? कॅमेऱ्याने चेहरा तपासायचा तर थोरली बहीण पुढे बसते, तिला उठवणार कोण?

१३ पुरी व्हायला एक दिवस कमी असला तरी मुलाला आपण मिनयानमध्ये धरत नाही. फोनवर मात्र तीन वर्षे माफ!

या आठवड्यात मुलाला शेजारी बसवून खात्यातले जन्मसाल पाहा. खोटे असेल तर खाते बंद करा. रुसला तर रुसू द्या.