विजयदुर्गाचा धूर आणि मराठवाड्याचे भवितव्य

बालाघाटाच्या डोंगररांगांत आणि गोदाकाठच्या काळ्या मातीत वाढलेल्या आपल्या जिल्ह्याला समुद्राचे वारे लागत नाही. त्यामुळे आरमार, जलयुद्धे, बलाढ्य राष्ट्रांचे दर्यावरील डावपेच हे विषय मुंबईकरांनी आणि कोकणवासीयांनी चर्चावेत, आपण पावसाची आणि कापसाच्या भावाची चिंता करावी, असा एक समज येथे दृढ आहे. हा समज इतिहासाच्या कसोटीला उतरत नाही. मराठवाड्यावर कोणाच्या छत्रछायेत कोणी राज्य करावे, याचा निर्णय अठराव्या शतकात बव्हंशी समुद्रावर झाला. तो होत असताना आपल्या राज्यकर्त्यांनी जी एक चूक केली, तिचे स्मरण आज अगत्याचे आहे.

१७५१ साली फ्रेंच सेनानी बुसी याने सलाबतजंगास औरंगाबादेस, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरास आणून निजामाच्या गादीवर स्थिर केले. दख्खनच्या सुभ्यात फ्रेंचांचा शब्द चालू लागला. इंग्रजांना हे सलणे स्वाभाविक होते. मराठ्यांच्या साह्याने बुसीवर चालून जावे, या हेतूने लंडनहून क्लाइव्हबरोबर फौज मुंबईस धाडण्यात आली. परंतु दरम्यान मद्रास आणि पुदुच्चेरी येथील इंग्रज व फ्रेंच अधिकाऱ्यांत तात्पुरता तह झाला होता. १७५५ च्या अखेरीस क्लाइव्हची फौज आणि वॉटसनचे आरमार मुंबईत सज्ज होते. पण ज्या शत्रूसाठी ही सिद्धता, त्याच्याशी लढण्याची मुभा नव्हती. रिकाम्या तलवारीला काम हवे होते. ते काम, दुर्दैवाने, आपणच तिला दिले.

पुण्याचे नानासाहेब पेशवे आणि विजयदुर्गाचे तुळाजी आंग्रे यांचे वैर विकोपाला गेले होते. मार्च १७५५ मध्ये पेशव्यांनी मुंबईकर इंग्रजांशी करार केला. एप्रिलात कमोडोर जेम्सने सुवर्णदुर्ग घेतला. फेब्रुवारी १७५६ मध्ये वॉटसन आणि क्लाइव्ह विजयदुर्गावर चालून गेले. तोफांच्या माऱ्यात एका जहाजाने पेट घेतला आणि बंदरात उभी असलेली आंग्र्यांची गुराबा-गलबते पाहता पाहता भस्मसात झाली. सुमारे १० लाखांची लूट इंग्रजांनी आपसांत वाटून घेतली. किल्ला मराठ्यांच्या हवाली करण्यासही त्यांनी टाळाटाळ चालविली. ऑक्टोबर १७५६ च्या तहाने बाणकोट पदरात पाडून घेतल्यावरच विजयदुर्ग सोडला.

तुळाजी निर्दोष होता, असे आम्ही म्हणत नाही. तो मध्यवर्ती सत्तेस जुमानीत नव्हता, शेजारच्या स्वकीयांनाही त्याने उपद्रव दिला. उद्दाम सरदारास वठणीवर आणणे हे राज्यकर्त्याचे कर्तव्यच होय. प्रश्न शिक्षेचा नाही, शिक्षेच्या साधनाचा आहे. अवघ्या ३५ वर्षांपूर्वी, १७२१ साली, इंग्रज आणि पोर्तुगीज एकत्र होऊन कुलाब्यावर चालून आले तेव्हा कान्होजी आंग्र्यांच्या साह्यास छत्रपती शाहू महाराजांच्या वतीने बाजीराव पेशवे धावून गेले होते. दर्यावरचा आंग्रे आणि जमिनीवरचा पेशवा एकत्र उभे राहताच पोर्तुगिजांनी वेगळा तह केला आणि इंग्रज हात हलवीत परतले. पित्याने जी युती राखली, ती पुत्राने मोडली. दोघांच्या भांडणात तिसऱ्याचा लाभ झाला, आणि तो तिसरा आपणच निमंत्रण देऊन आणलेला होता.

पुढे काय झाले? त्याच १७५६ साली इंग्लंड आणि फ्रान्स यांच्यात सप्तवार्षिक युद्ध जुंपले. विजयदुर्गावर हात साफ केलेले वॉटसन आणि क्लाइव्ह बंगालला गेले. जून १७५७ मध्ये प्लासी घडली. फ्रेंचांनी बुसीस हैदराबादेहून परत बोलाविले. १७५९ साली मच्छलीपट्टण पडताच सलाबतजंगाने इंग्रजांशी तह केला. फ्रेंच आरमाराने किनारा सोडला होता. समुद्राकडून कोंडलेली पुदुच्चेरी जानेवारी १७६१ मध्ये, ज्या महिन्यात पानिपत झाले त्याच महिन्यात, शरण गेली. १७९५ मध्ये आपल्या सीमेलगतच्या खर्ड्यास मराठ्यांनी निजामाचा पराभव केला खरा. परंतु तीनच वर्षांनी इंग्रजांनी हैदराबादची फ्रेंच पलटण मोडून निजामास तैनाती फौजेच्या बंधनात घेतले. त्या बंधनाच्या आश्रयाने निजामी राजवट तगली, आणि बीडच्या प्रजेला मुक्तीसाठी सप्टेंबर १९४८ पर्यंत वाट पाहावी लागली.

विजयदुर्गाच्या एका आगीने हे सारे घडले, असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. धुळपांनी पुढेही पेशव्यांचे आरमार राखले आणि १७८३ मध्ये इंग्रजांचे ‘रेंजर’ जहाज पाडाव केले, हेही विसरता येत नाही. परंतु पश्चिम किनाऱ्यावर इंग्रजांना खरा धाक घालणारे बळ एकदा नष्ट झाल्यावर तो तोल पुन्हा सावरला नाही.

आज हिंदी महासागरात पुन्हा स्पर्धा सुरू आहे. २०१७ साली चीनने जिबूतीत लष्करी तळ उघडला आणि त्याच वर्षी श्रीलंकेचे हंबनतोटा बंदर ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने चिनी कंपनीकडे गेले. २०२३ च्या अखेरीस तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू होताच मालवाहू जहाजे आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागली, भाडे वाढले. आपला शेतकरी शेतात जे पोटॅश टाकतो, ते जवळजवळ सर्व समुद्रमार्गेच या देशात येते. दर्या दूर आहे, असे गेवराईच्या किंवा माजलगावच्या कापूस उत्पादकाने तरी म्हणू नये.

२०२२ साली भारतीय नौदलाच्या ध्वजावर शिवछत्रपतींच्या राजमुद्रेपासून स्फूर्ती घेतलेले चिन्ह आले, याचा आम्हांस अभिमान वाटतो. परंतु त्या ध्वजाला वंदन करणाऱ्या आपल्या मुलांना सिंधुदुर्ग जसा शिकविला जातो, तसा १७५६ चा विजयदुर्गही शिकविला गेला पाहिजे. विजयाचे धडे अभिमान देतात, पराभवाचे शहाणपण देतात. परक्याच्या तोफेने घरचा तंटा मिटविणाऱ्यास त्या तोफेचे तोंड पुढे कोणीकडे वळेल, हे ठरविण्याचा अधिकार उरत नाही.