नजर टोपीवर नको, वागण्यावर हवी

३० मे २०२३ रोजी दानापूर-पुणे एक्स्प्रेसमधून रेल्वे सुरक्षा बलाच्या जवानांनी मुलं खाली उतरवली. काही भुसावळला, काही मनमाडला, मिळून ५९. मुलं बिहारची होती आणि सांगलीकडच्या मदरशांत शिकायला निघाली होती. सोबतच्या पाच जणांवर मानवी तस्करीचा गुन्हा दाखल झाला. ते सुमारे चार आठवडे तुरुंगात राहिले. मुलांना बारा दिवस बालगृहात काढावे लागले. आईबाप बिहारमध्ये, पोरं नाशिक-जळगावात, आणि मधल्या काळात काय काय बोललं गेलं ते तुम्ही तुमच्या मोबाइलवर वाचलंच आहे. पुढे मार्च २०२४ मध्ये रेल्वे पोलिसांनी दोन्ही गुन्हे बंद केले. तस्करी नव्हतीच, गैरसमजातून गुन्हा दाखल झाला होता, असं त्यांचं म्हणणं.

पहिली बातमी आपल्या सगळ्यांपर्यंत पोहोचली होती. दुसरी किती जणांनी वाचली?

हे सगळं माहीत असूनही या अग्रलेखात आम्ही तुम्हाला मानवी तस्करीविरुद्ध कामाला लागायला सांगणार आहोत, तेही खानदेशातल्या ट्रकवाल्यांना सोबत घेऊन. काहींना हे उलटं वाटेल. ज्या आरोपाखाली आपलीच माणसं विनाकारण आत गेली, त्याच विषयावर आपण लोकांना आणखी संशय घ्यायला शिकवायचं? प्रश्न रास्त आहे, म्हणून आधी त्याचंच बोलू.

भुसावळच्याही आधी, १ जुलै २०१८ ला, धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाडा इथे पाच माणसांना जमावानं ठेचून मारलं. ती नाथपंथी डवरी गोसावी समाजाची, भिक्षा मागत फिरणारी माणसं होती. मुलं पळवणारी टोळी आली आहे, अशी अफवा व्हॉट्सअ‍ॅपवर अनेक दिवस फिरत होती. त्या दिवशी अफवेला पाच चेहरे मिळाले, एवढंच. मारणाऱ्यांना आपण मुलांचं रक्षण करतोय असंच वाटत होतं. एका ठिकाणी वर्दीतली यंत्रणा, दुसऱ्या ठिकाणी बाजारातली गर्दी. दोन्हीकडे एकच चूक झाली. काय घडतंय ते पाहण्याआधी कोण दिसतंय ते पाहिलं गेलं. एकीकडे दाढी-टोपी, दुसरीकडे भटक्याची झोळी.

यावर सोपा निष्कर्ष असा निघतो की अशा भानगडीत पडूच नये. आपल्या मोहल्ल्यांत तो बऱ्याच जणांनी काढलाही आहे. आम्हाला तो मान्य नाही, कारण तस्करी खरी आहे आणि तिची वाट आपल्या दारावरून जाते.

नकाशा काढून पाहा. मुंबई-आग्रा रस्ता आणि सुरत-नागपूर रस्ता धुळ्यात एकमेकांना छेदतात. सोलापूरकडचा रस्ता चाळीसगावावरून इथेच येऊन मिळतो. पुढे शिरपूर, पळासनेर, बिजासनीचा घाट आणि मग मध्य प्रदेश. पश्चिमेला नवापूरपलीकडे गुजरात. भुसावळला रेल्वेचं मोठं जंक्शन. कापूस, केळी, लोखंड, पाइप, जे जे देशाच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जातं त्यातलं बरंचसं इथून जातं. माणसांचे दलाल याच रस्त्यांनी माणसं नेतात.

कोणाला नेतात? सातपुड्याच्या पायथ्याचे पावरा, भिल, तडवी. दिवाळीनंतर मुकादमाकडून उचल घेऊन कुटुंबंच्या कुटुंबं ऊसतोडीला निघतात, काही गुजरातेत, काही पश्चिम महाराष्ट्रात. रोजगारासाठी स्थलांतर करणं हा गुन्हा नाही, हे पुन्हा पुन्हा सांगायला हवं. पण उचल फिटेपर्यंत जागा सोडता येत नाही, मजुरी हातात मिळत नाही, आजारी बाईलाही घरी जाऊ दिलं जात नाही, तेव्हा ती १९७६ च्या कायद्यानं बंद केलेली वेठबिगारी असते. रावेर, यावल, चोपड्याचे तडवी भाऊ आपल्याच मशिदींत आपल्या शेजारी नमाजला उभे राहतात, म्हणून हे दुसऱ्या कोणाचं दुखणं समजू नका.

दुसरा प्रकार लग्नाचा. २०११ च्या जनगणनेत जळगाव जिल्ह्यात सहा वर्षांच्या आतल्या दर हजार मुलांमागे मुली होत्या ८४२. ती मुलं आता लग्नाच्या वयाला येऊ लागली आहेत आणि त्यांच्या आधीच्या पिढीलाही मुली मिळत नव्हत्या. मग मध्यस्थ उभा राहतो. रोख पैसे घेऊन तो परजिल्ह्यातली, परराज्यातली मुलगी ‘आणून देतो’. यात कधी नवरदेव फसतो, नवरी चार दिवसांत दागिने घेऊन पसार होते, आणि गावभर त्याचेच किस्से रंगतात. ज्या मुलीला आपण कुठे चाललोय हेच ठाऊक नसतं, तिचा किस्सा कोणी सांगत नाही.

आणि तिसरा प्रकार सांगताना आपण आपल्याच आरशात पाहावं. २००५ च्या सुमारास मुंबईतल्या जरीच्या कारखान्यांवर छापे पडले, तेव्हा सुटलेल्या मुलांत बिहारची मुलं खूप होती. त्यांतली कितीतरी आपल्या समाजातली होती, आणि कारखानदारही. ‘काम शिकेल, दोन वेळ जेवेल’ असं सांगून त्यांना आणलं गेलं होतं. भुसावळच्या प्रकरणात आपण निर्दोष होतो, याचा अर्थ आपल्यात कोणी दलाल नाही असा होत नाही.

आता ट्रकवाले का? अमेरिकेत २००९ साली ओक्लाहोमात एका छोट्या ख्रिस्ती सेवासंस्थेतून ‘ट्रकर्स अगेन्स्ट ट्रॅफिकिंग’ हे काम सुरू झालं. हायवेवर, पंपावर, रात्रीच्या थांब्यावर सगळ्यात जास्त वेळ कोण असतं? ड्रायव्हर. मग त्यालाच काय पाहायचं आणि कुठे फोन करायचा ते शिकवा, इतकी साधी कल्पना. हेल्पलाइनचा नंबर छापलेलं कार्ड पाकिटात, तासाभराचं प्रशिक्षण, कंपन्यांची साथ. २०१५ मध्ये व्हर्जिनियातल्या एका ट्रकथांब्यावर ड्रायव्हरला उभ्या गाडीच्या पडद्याआड एका तरुण मुलीचा चेहरा क्षणभर दिसला आणि लगेच नाहीसा झाला. त्यानं पोलिसांना फोन केला. मुलगी सुटली, तिला छळणारं जोडपं तुरुंगात गेलं. ती कोणत्या रंगाची, कोणत्या धर्माची, हे त्यानं पाहिलं नव्हतं. काहीतरी बरोबर नाही, इतकंच त्याला दिसलं होतं.

आपल्याकडे असं चालणार नाही, असं म्हणणाऱ्यांना ‘कवच’ची आठवण द्यावी. एचआयव्हीच्या काळात टीसीआय फाउंडेशननं हायवेवर ‘खुशी क्लिनिक’ काढून ट्रकवाल्यांत काम केलं. कोणी बोलणार नाही अशा विषयावर ड्रायव्हर बोलले, कारण समोरचा माणूस त्यांना दोष द्यायला आला नव्हता. आपणही हे लक्षात ठेवलं पाहिजे. रस्त्याकडेच्या धंद्याचं गिऱ्हाईक ड्रायव्हरही असतो, गाडीवर बारा वर्षांचा क्लीनर तोच ठेवतो. त्याला आधी गुन्हेगार ठरवलं तर तो आपल्याला चहासुद्धा पाजणार नाही. पण हे दोन्ही विषय टाळूनही चालणार नाही.

या धंद्यात आपली माणसं किती आहेत ते तुम्हीच मोजा. कोणाचे अब्बा ड्रायव्हर, कोणाचे मामू टायरच्या दुकानात, कोणाचा भाऊ बॉडी बांधणाऱ्या गॅरेजात, कोणाचा ढाबा. बाहेरची संस्था जिथे पोहोचायला वर्ष लावेल, तिथे तुम्ही ईदला सलाम करायला जाता. शिवाय खोट्या संशयाचा चटका आपल्याला ठाऊक आहे. माणूस ओळखायचा कसा नाही, हे आपल्याइतकं कोण सांगू शकेल?

मग पाहायचं काय? मुलाला किंवा बाईला आपण कुठे चाललोय ते सांगता येतं का. प्रत्येक प्रश्नाचं उत्तर सोबतचा दुसराच देतो का. तिचा फोन आणि कागद दुसऱ्याच्या खिशात आहेत का. लग्नाला चाललोय म्हणते, पण नवऱ्याचं नाव माहीत नाही. लघवीला जातानाही कोणी पाठ सोडत नाही. मजुरांच्या टेम्पोत कोणालाच मजुरी किती ते ठाऊक नाही. यातली एखादी खूण दिसली म्हणजे गुन्हा सिद्ध झाला असं नव्हे. दोन-तीन एकत्र दिसल्या तर फोन करण्याइतकं कारण आहे. कपडे, भाषा, दाढी, बुरखा, झोळी यांतलं काहीही खूण नाही. हे वाक्य प्रशिक्षणाच्या पहिल्या पाच मिनिटांत आलं पाहिजे आणि शेवटी पुन्हा आलं पाहिजे.

आणि करायचं काय? गाडीचा नंबर, वेळ, दिशा, जवळचा किलोमीटरचा दगड किंवा ढाब्याचं नाव लिहून ठेवायचं. ११२ ला फोन करायचा. मूल असेल तर १०९८. बस्स. अडवायचं नाही, जाब विचारायचा नाही, व्हिडिओ काढायचा नाही, आणि ग्रुपवर तर मुळीच टाकायचं नाही. राईनपाडा तिथूनच सुरू झालं होतं. बातमी आली तर आधी शहानिशा करा आणि लोकांविषयी नाहक संशय बाळगू नका, या दोन्ही ताकिदी सूरह हुजुरातमध्ये जवळजवळच आहेत. सूरह बलदमध्ये ज्या कामांना चढणीची वाट म्हटलं आहे, त्यांत पहिलं आहे गुलामाची मान मोकळी करणं. भरलेली गाडी बिजासनीच्या घाटात चढवणाऱ्याला चढण म्हणजे काय ते समजावून सांगावं लागत नाही.

ड्रायव्हरची अडचण मात्र खरी आहे. रावेरहून केळी भरून दिल्लीला निघालेला माणूस पोलीस ठाण्यात चार तास बसला तर माल काळा पडतो, भाडं कापलं जातं. अपघातग्रस्ताला मदत करणाऱ्याला मोटार वाहन कायद्यात २०१९ पासून संरक्षण आहे. तस्करीची खबर देणाऱ्या ड्रायव्हरला त्या कलमाचा उपयोग नाही. तस्करीविरोधी स्वतंत्र विधेयक २०१८ मध्ये लोकसभेत मंजूर झालं, पण राज्यसभेत न जाता पुढच्या वर्षी ते बारगळलं. दुसरीकडे भारतीय न्याय संहितेच्या १४३ व्या कलमात शोषणासाठी माणसं वाहून नेणं हाच गुन्ह्याचा भाग आहे, त्यामुळे जाणूनबुजून डोळेझाक करणारा ड्रायव्हर स्वतःच अडकू शकतो. म्हणून मालकांच्या संघटनांशी बोलणं आधी. फोन केल्यामुळे उशीर झाला तर भाडं कापणार नाही, हे मालकानं ड्रायव्हरला तोंडावर सांगायला हवं.

आपल्यालाही एक काम आहे. दुसऱ्या राज्यातून मुलं आणणाऱ्या मदरशांनी पालकांची लेखी संमती, मुलांची यादी, दोन्हीकडचे फोन नंबर सोबत ठेवावेत आणि निघण्याआधी स्थानिक ठाण्यात कळवावं. कागद नसला म्हणून कोणी तस्कर ठरत नाही, पण त्या बारा दिवसांत रडणाऱ्या मुलांना हा युक्तिवाद कामाचा नव्हता.

जळगाव आणि धुळे, दोन्ही जिल्ह्यांच्या पोलीस अधीक्षकांना भेटा. अनैतिक मानवी वाहतूक प्रतिबंधक कक्षाच्या अधिकाऱ्याला ट्रान्सपोर्टवाल्यांच्या बैठकीला बोलवा. सोबत डवरी गोसावी समाजाचा एखादा कार्यकर्ता आणि तडवी समाजाचा एखादा तरुण असू द्या. खबर देणाऱ्याची गाडी अडकवून ठेवली जाणार नाही, त्याचं नाव बाहेर जाणार नाही, आणि केवळ पेहरावावरून कोणाला गाडीतून उतरवलं जाणार नाही, या तीन गोष्टी त्यांच्याकडून लेखी मागा. तोंडी आश्वासन मिळालं तर चहा प्या आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा जा.