गाडी लागते की धूर लागतो?

बाजाराच्या दिवशी वडापच्या जीपमध्ये मागच्या बाकावर बसून एकदा तालुक्याला जाऊन या. घाट सुरू झाला की दोन-चार जणांची तोंडे उतरलेली दिसतील. एखादी बाई पदर नाकाला लावते, एखादे पोर ओकारी काढते. मग पुढून कुणीतरी म्हणते, "त्यांना गाडी लागते हो, लिंबू द्या." लिंबू हुंगले जाते, आवळासुपारी फिरते आणि विषय तिथेच संपतो. दोष प्रवाशाच्या पोटाला लागतो. गाडीकडे कुणी बोट दाखवत नाही.

वाचकहो, गाडी लागणे ही खरी गोष्ट आहे, ती कोणी नाकारत नाही. वळणाच्या रस्त्यावर काही जणांना कुठल्याही वाहनात मळमळते. पण ज्या माणसाला त्याच घाटात एस.टी.मध्ये काही होत नाही आणि जीपमध्ये मात्र डोके ठणकते, डोळे चुरचुरतात, घशात खवखवते, आणि उतरून मोकळ्या हवेत थोडा वेळ बसला की बरे वाटते, त्याच्या पोटाला कशाला नावे ठेवायची? त्या गाडीत धूर शिरतो आहे, एवढाच त्याचा अर्थ. हे आपण लक्षात घेत नाही, कारण चालकाला तो वास येत नाही. तो पुढे खिडकीजवळ बसलेला असतो. मागे कोण बसते? बाया, पोरे आणि म्हातारी माणसे. त्यांचे म्हणणे मालकापर्यंत जातच नाही.

मागेच वास का, याचे कारण साधे आहे. गाडी पुढे पळते तेव्हा तिच्या पाठीमागे हवेची पोकळी तयार होते आणि सायलेन्सरमधून बाहेर पडलेला धूर त्या पोकळीत घुटमळत राहतो. मागचा पडदा वर गुंडाळलेला असला किंवा दार उघडे असले की तोच धूर आत ओढला जातो. आपल्याकडे तर उलटाच समज आहे. "मागचं उघडं ठेवा, वास जाईल," असे सगळेच सांगतात. मागचे उघडायचे असेल तर पुढच्या खिडक्याही उघड्या हव्यात, म्हणजे हवा पुढून येऊन मागे निघून जाईल. पुढचे बंद आणि मागचे उघडे हा सगळ्यात वाईट प्रकार, आणि पावसाळ्यात बहुतेक गाड्या तशाच चालतात.

त्यात आणखी एक. सायलेन्सरची शेपटाची नळी गंजून गळून पडते. मालक नवी बसवत नाही, आहे तिथेच कापून सोडतो. मग धूर गाडीच्या मागे बाहेर पडायचा तो फळीखालीच सुटतो आणि पत्र्याच्या भोकांतून वर येतो. वितभर नळीचा खर्च वाचवायला पाठीमागच्या आठ माणसांच्या नाकात धूर!

आता वास येतो म्हणजे नक्की कसला, हे आधी ठरवले पाहिजे. इथेच बहुतेक जण चुकतात आणि मिस्त्रीच्या हाती नुसता "वास येतोय" एवढाच निरोप देतात. वास दोन तऱ्हेचे असतात. एक कच्च्या डिझेलचा, पंपावर येतो तसा तेलकट. दुसरा जळलेल्या धुराचा, नाकाला झोंबणारा. पहिला असेल तर कुठेतरी गळती आहे. दुसरा असेल तर इंजिनातून शेपटापर्यंतच्या वाटेवर कुठेतरी धूर फुटतो आहे. दोन्हींचा इलाज वेगळा, आणि धोकाही वेगळा.

कच्च्या वासाचे पहिले कारण शोधायला बॉनेट उघडावे लागत नाही. आपल्या मागच्या सीटखाली कॅन असतो. पंपाच्या इंजिनासाठी, ट्रॅक्टरसाठी डिझेल आणायचे आणि तो कॅन गाडीतच ठेवायचा, ही आपली सवय. झाकण नीट बसत नाही, तोंडात प्लास्टिकची पिशवी कोंबलेली असते, खड्ड्यात थेंब-थेंब सांडतो. डिझेल पेट्रोलसारखे उडून जात नाही. पायपुसण्यात, गादीच्या काथ्यात मुरले की कित्येक दिवस वास मारते. पंपावर सांडलेल्या डिझेलमध्ये आपलीच चप्पल पडते आणि ती आपण गाडीत घेऊन बसतो, हेही पाहा. दुसरे म्हणजे सर्व्हिसिंग. इंजिन डिझेलने धुण्याची आणि पावसाळ्याआधी पाटे, पत्रा गंजू नये म्हणून खालून ऑइल-डिझेल मारण्याची पद्धत आपल्याकडे जुनी आहे. तसे केल्यावर काही दिवस वास येणारच, इंजिन तापले की जास्तच. तेव्हा लगेच घाबरून मिस्त्रीकडे धावू नका.

हे दोन्ही नसेल तर मग बॉनेट उघडा. एक सांगतो, आमच्याच घरच्या जीपचे. ब्लोअर लावला की कच्च्या डिझेलचा वास यायचा. मिस्त्रीने नाडी न बघताच निदान केले, पंपाचे काम निघाले. पंप उतरवून जिल्ह्याच्या गावी पाठवला, ऐन हंगामात गाडी तीन आठवडे उभी राहिली. पंप आला, बसवला, गाडी सुरू केली, वास जसाच्या तसा. शेवटी शेजारच्या पोराने बॅटरी धरून पाहिले. नोजलवरून उरलेले डिझेल टाकीकडे परत नेणारी जी बारीक रबरी नळी असते, रिटर्न पाइप, तिचा चार बोटे लांबीचा तुकडा तडकला होता. थेंब तापलेल्या इंजिनवर पडायचा, त्याची वाफ ब्लोअर आत ओढायचा. तो तुकडा बदलायला दहा मिनिटेही लागली नाहीत.

म्हणून आधी स्वस्त जागा बघा, मग महाग. डिझेल फिल्टर नुकताच बदलला असेल तर त्याचे रबर वाकडे बसले आहे का, पाणी काढायचा आणि एअर काढायचा नट सैल राहिला आहे का, ते पाहा. इंजिन कापडाने कोरडे पुसा, सांधे आणि नळ्या यांवर थोडी टाल्कम पावडर भुरभुरवा, गाडी काही मिनिटे चालवून, बंद करून पुन्हा पाहा. जिथे पावडर ओली झाली तिथे गळती. रात्री गाडीखाली जुने वर्तमानपत्र अंथरून ठेवले तर सकाळी डाग कुठे पडला ते आपोआप कळते. आमचे वर्तमानपत्र त्यासाठी वापरले तरी आम्हाला राग नाही. टाकी अर्धी असताना वास नाही आणि फुल भरली की येतो, असे होत असेल तर टाकीचा वरचा भाग, भरायच्या नळीचे रबर आणि तेल दाखवणाऱ्या फ्लोटचे पॅकिंग तपासा.

इथे एक कडक सूचना. अलीकडच्या कॉमन रेलच्या गाड्यांत नोजलकडे जाणाऱ्या लोखंडी नळ्यांमध्ये डिझेलचा दाब हजार बारच्याही वर जातो. इंजिन चालू असताना गळती कुठे आहे ते बोटाने चाचपायचे नाही, नट सैल करायचा नाही. सुईपेक्षा बारीक धार कातडीतून थेट आत जाते. वरून नुसता ठिपका दिसतो आणि आत हात सडायला लागतो. असे झालेच तर हळद लावून घरी बसू नका, त्याच क्षणी मोठे हॉस्पिटल गाठा. जुन्या जीपवर हात बसलेल्या मिस्त्रींनी हे जास्त लक्षात ठेवायला हवे.

आता धुराचा वास. यात सगळ्यात नेहमीच्या जागा तीन. एक, मॅनिफोल्डचे पॅकिंग. सकाळी गार इंजिन सुरू केल्यावर टिक टिक आवाज येतो आणि गाडी तापली की कमी होतो, सांध्यावर काजळीचा पट्टा दिसतो. दुसरी जागा नोजलच्या बुडाची. तिथले तांब्याचे वॉशर गेले की चुक चुक आवाज येतो आणि नोजलभोवती डांबरासारखा काळा थर जमतो. हा थर दिसला की काम लांबवू नका, पुढे नोजल जागेवर असे अडकते की काढताना हेडच उतरवायची पाळी येते. तिसरी म्हणजे खालचा पाइप आणि सायलेन्सर. इंजिन गार असताना सुरू करून, दुसऱ्या माणसाने ओल्या जाड फडक्याने शेपटाची नळी दोन-चार सेकंद दाबून धरली तर फुटलेल्या जागेतून फस्स आवाज येतो.

धूर इंजिनाजवळ फुटला म्हणून लगेच माणसांपर्यंत यायला नको. तो येतो कारण वाट मोकळी असते. बॉनेटच्या मागच्या कडेला रबरी पट्टी असते, ती बहुतेक गाड्यांत तुटून गेलेली असते, आणि ब्लोअरची हवा घ्यायची जागा नेमकी तिथे, काचेच्या बुडाशी. गिअरच्या दांड्याभोवतीचे रबर फाटलेले, क्लचच्या केबलचे भोक मोकळे, पायाखालचा पत्रा गंजलेला. ब्लोअर बंद केला की वास बंद होतो का, हे पाहा. होत असेल तर पुढून येतो. ब्लोअर बंद असूनही आणि गाडी उभी असतानाही येत असेल तर खालून. गाडी पळायला लागली की मगच येत असेल तर बहुधा मागून. एवढे पाहून मिस्त्रीकडे गेलात तर त्याचा अर्धा दिवस आणि तुमचे निम्मे पैसे वाचतील.

जळक्या ऑइलचा वास येत असेल तर मात्र गोष्ट वेगळी. इंजिन संथ चालू ठेवून ऑइलचे झाकण जपून उघडले आणि आतून भकाभका धूर आला तर रिंगा झिजल्या आहेत. त्याला अत्तर नाही आणि रबरही नाही, इंजिनचेच काम.

काही जण म्हणतील, पीयूसी आहे की आमच्याकडे. असेल. पण पीयूसीची तपासणी सायलेन्सरच्या तोंडाशी होते. वाटेत मॅनिफोल्डला धूर फुटत असेल तर तोंडाशी उलट कमीच येणार! त्या कागदाचा आतल्या हवेशी काही संबंध नाही. दुसरे, १ एप्रिल २०२० पासून देशभर भारत स्टेज ६ चे डिझेल आले, त्यात किलोला १० मिलिग्रॅमपेक्षा जास्त गंधक नसते. त्यामुळे पूर्वीसारखा उग्र दर्प येत नाही. पण दर्प कमी झाला म्हणून जुन्या इंजिनाचा धूर औषधी झाला, असे नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ साली डिझेलच्या धुराला माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकले, तंबाखूचा धूर आहे त्याच गटात. शिवाय धुरात कार्बन मोनॉक्साईड असतो. पेट्रोलपेक्षा डिझेलमध्ये तो कमी, पण असतो, आणि त्याला मुळीच वास नसतो. डोके जड होणे, मळमळणे, झापड येणे ही त्याचीच लक्षणे. चालकाला झापड येणे म्हणजे काय, ते घाटातल्या लोकांना वेगळे सांगायला नको. काचा लावून, इंजिन चालू ठेवून आत झोपणाऱ्यांनी तर हे विसरूच नये.

गाडी स्वतःची असेल तर पाहायचे तुमच्या हातात आहे. वडापमध्ये बसणाऱ्याच्या हातात काय आहे? आणि शाळेच्या गाडीत बसणाऱ्या सात वर्षांच्या पोराच्या? म्हणून हे लिखाण सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी, म्हणजे आपले ग्रामसेवक, यांच्यासाठीही आहे. स्कूल बससाठी राज्यात २०११ चे नियम आहेत, शाळेत परिवहन समिती असावी असे त्यात सांगितले आहे. तिच्या बैठकीत भाडे, वेळ आणि थांबा याच्या पुढे विषय जात नाही, असा माझा अनुभव आहे. समितीतल्या एका माणसाने महिन्यातून एकदा मागच्या बाकावर बसून, काचा लावून, शेवटच्या वस्तीपर्यंत जाऊन यावे. बाकी कुठली तपासणी नको. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या रुग्णवाहिकेचेही तसेच. तिच्यात रुग्ण मागे आडवा असतो आणि मागच्या दाराचे रबर गेलेले असते. बाळंतपणासाठी नेत असलेल्या बाईला तासभर धूर हुंगायला लावणे कुठल्या आरोग्यसेवेत बसते? त्या रबराची मागणी वरिष्ठांकडे कागदावर गेली पाहिजे, तोंडी सांगून ते येत नाही. घंटागाडी ग्रामपंचायतीचीच असेल तर तिचा सायलेन्सर कुठे संपतो, ते उद्या सकाळी ती दारात आल्यावर वाकून बघता येईल.

वडापवाल्यांशी भांडायला मी सांगत नाही. तेही आपल्याच गावचे, हप्त्यावर गाडी चालवणारे. पण आरशाला मोगऱ्याचे अत्तर टांगून ते वास झाकतात आणि प्रवाशांचे डोके आणखी दुखवतात. त्यापेक्षा स्टँडवर नंबर लागेपर्यंत इंजिन बंद ठेवावे, शेपटाची नळी बंपरच्या बाहेर काढून घ्यावी आणि बॉनेटची पट्टी बसवावी. आणि पुढच्या वेळी मागून कुणी "वास येतोय" म्हणाले, तर लिंबू पुढे करण्याआधी गाडी बाजूला घेऊन बॉनेट उघडावे.