टायरची जन्मतारीख

मैत्रिणींनो, मे महिन्यात शिर्डीला निघताना आपण दशम्या, लोणचं, पाण्याचा कॅन सगळं आठवणीनं घेतो. टायर मात्र 'ह्यांचं' खातं! नागपूरचं ऊन ४५ अंशांचं, पुढे समृद्धी महामार्गाचे ५२० किलोमीटर. हवा कमी असली की टायर जास्त दबतो, तापतो आणि वेगात फुटतो. मला वाटतं, हे खातं आता आपणही बघावं. हवा सकाळी, टायर थंड असतानाच तपासा. खाचा १.६ मिलिमीटरपेक्षा कमी उरल्या की टायर कायद्यानंही बाद. कडेवरचे शेवटचे चार आकडे वाचा. २३१८ म्हणजे २०१८ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी शाबूत दिसली तरी जुनं रबर आतून कडक होतंच. दिवाळीला पडदे बदलतो, आणि टायरला म्हणे "अजून एक उन्हाळा काढेल"! मागच्या सीटवर मुलं असतात हो.