मूल बरं असतानाचा नमुनाही द्या

नेफ्रोटिक सिंड्रोम असलेल्या मुलांच्या आईवडिलांना आणि घरातल्या मोठ्या माणसांना मनापासून विनंती.

सकाळी मूल उठतं तेव्हा डोळे सुजलेले असतात, दुपारपर्यंत सूज उतरते. कुणी ॲलर्जी म्हणतं, डोळ्यांत घालायला थेंब आणले जातात. मग पाय सुजतात, पोट फुगतं, चड्डीचं इलॅस्टिक कमरेत रुतू लागतं, आणि लघवी तपासली की अल्ब्युमिन तीन प्लस किंवा चार प्लस निघतं. तुमच्यापैकी अनेकांच्या घरी हा आजार असाच आला असेल. दोन ते सहा वर्षांच्या मुलांत तो जास्त दिसतो. मूत्रपिंडातली गाळणी सैल पडते आणि रक्तात राहायला हवं ते प्रथिन लघवीवाटे जात राहतं. दहातल्या आठ-नऊ मुलांना प्रेड्निसोलोन हे स्टिरॉइड लागू पडतं. पण पुढे बहुतेकांचा आजार उलटतो, काहींचा तर वर्षातून अनेकदा, आणि दर वेळी पुन्हा स्टिरॉइड. चेहरा गोल होतो, भूक आवरत नाही, उंची खुंटते.

कोणाचा आजार वारंवार उलटेल, कोणाला स्टिरॉइड लागूच पडणार नाही, हे पहिल्या दिवशी सांगता आलं तर किती मुलांचे किती डोस वाचतील! प्रथिनांच्या अभ्यासाची धडपड त्यासाठीच आहे. १९९८ साली फिनलंडमधल्या जन्मजात आजाराच्या शोधातून गाळणीतलं नेफ्रिन हे प्रथिन सापडलं, २००० साली पोडोसिन. २०२४ मध्ये हॅम्बुर्गच्या संशोधकांच्या गटाने दाखवलं, की आजार ऐन भरात असलेल्या आणि प्रतिकारशक्ती दाबणारं औषध सुरू नसलेल्या मुलांपैकी सुमारे ९० टक्के मुलांच्या रक्तात याच नेफ्रिनवर हल्ला करणारी प्रतिपिंडं असतात. माझ्या मते या आजारातली अलीकडची ही सर्वांत मोठी उकल आहे. आणि ती शक्य झाली, कारण शेकडो कुटुंबांनी नमुने दिले.

आता लघवीतल्या प्रथिनांचा अभ्यास करणाऱ्या आम्हा संशोधकांची अडचण सांगते. निरोगी माणसाच्या लघवीतही दीड हजारांहून अधिक प्रकारची प्रथिनं अत्यल्प प्रमाणात असतात. नमुना बर्फात ठेवून प्रयोगशाळेत आणतात, फिरवून पेशी वेगळ्या करतात आणि उणे ८० अंशांवर साठवतात. पुढे ट्रिप्सिन घालून प्रथिनांचे तुकडे केले जातात आणि मास स्पेक्ट्रोमीटर त्या तुकड्यांचं वजन मोजून कोणतं प्रथिन किती आहे ते सांगतो. पण आजार उलटलेला असताना लघवीत अल्ब्युमिन इतकं असतं, की बाकीची प्रथिनं त्याखाली झाकली जातात. सूज आली की तुम्ही रुग्णालयात येता, हे साहजिकच आहे. त्यामुळे आमच्याकडे सुजेच्या दिवसांचे नमुने भरपूर जमतात आणि पट्टीवर ‘निल’ येत असतानाचे फार थोडे. त्याच मुलाचा बरा असतानाचा नमुना शेजारी ठेवता आला, तरच आजार उलटण्याआधी काय बदललं ते शोधता येतं. घरातल्या निरोगी भावंडाचा नमुनाही तुलनेसाठी तितकाच उपयोगी आहे.

‘आमच्या लेकरावर प्रयोग नकोत’ ही भीती मी अनेकींच्या तोंडून ऐकली आहे, आणि ती रास्त आहे. म्हणून नीट सांगते. नमुना देण्याने औषध बदलत नाही, सुई टोचावी लागत नाही. अभ्यासाला नैतिक समितीची मंजुरी हवी आणि तुमची लेखी संमती हवी. सात वर्षांपुढच्या मुलालाही त्याच्या भाषेत समजावून त्याचा होकार घ्यावा लागतो. नाव गुप्त राहतं. कधीही ‘नको’ म्हणता येतं, आणि त्याचा उपचारांवर परिणाम होता कामा नये. मुलीच्या लग्नात पुढे अडचण येईल म्हणून आजारच लपवणाऱ्या घरांनाही माझं हेच सांगणं आहे. मात्र कुणाच्याही सांगण्यावरून स्टिरॉइड परस्पर बंद करू नका, त्यात जिवाला धोका असतो.

पुढच्या तपासणीला जाल तेव्हा तुमच्या डॉक्टरांना विचारा, की इथे किंवा जवळपास असा अभ्यास चालू आहे का. असेल तर सकाळची पहिली लघवी त्यांनी दिलेल्या बाटलीत घ्या. उभं राहून खेळल्या-धावल्यावर काही मुलांच्या लघवीत एरवीही प्रथिन वाढतं, म्हणून पहिलीच हवी. आणि रोजच्या पट्टीची वही सोबत आणा: निल, ट्रेस की किती प्लस, सर्दी-ताप कधी आला, गोळी किती चालू होती. या नोंदींशिवाय आमच्या यंत्राने दिलेल्या आकड्यांचा अर्थ लागत नाही.