बॅकअपची परीक्षा रिस्टोअरच्या वेळी

‘बॅकअप घेतलाय, आता काळजी नाही,’ हे बेळगाव-निपाणी पट्ट्यात घरोघरी ऐकू येणारे समाधान मला मान्य नाही. हार्डडिस्क बंद पडल्यावर फाइल परत मिळाली, उघडली आणि वाचता आली, तरच बॅकअप घेतला असे म्हणता येईल.

आपल्या भागात हा प्रश्न नुसत्या लग्नाच्या फोटोंचा नाही. महाराष्ट्र-कर्नाटक सीमालढा 1956 पासून चालू आहे. या वादावरचा महाजन आयोगाचा अहवाल 1967 चा, तर महाराष्ट्राचा सर्वोच्च न्यायालयातला दावा 2004 चा. एवढ्या काळातली मराठी निवेदने, मंडळांची इतिवृत्ते, मेळाव्यांचे फोटो कुठे आहेत? सरकारी दप्तर कन्नडमध्ये चालते. त्यामुळे या मराठी कागदांतले बरेचसे कार्यकर्त्यांच्या घरच्या कॉम्प्युटरवर पडून आहेत. तिथून गेले तर दुसरीकडे सापडतीलच याची खात्री नाही.

बॅकअपवर निर्धास्त असणाऱ्यांचा पहिला दावा असा, की विंडोज सगळे आपोआप करते. त्यातली ‘फाइल हिस्टरी’ ही सोय दर तासाला प्रत घेते, हे खरे. पण ती आधी चालू करावी लागते, वेगळी डिस्क जोडावी लागते. मुख्य म्हणजे, ती आपणहून डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स अशा ठरावीक फोल्डरांचीच प्रत घेते. आपल्याकडे महत्त्वाचे सगळे ‘डी ड्राइव्ह’वर ठेवायची सवय. ते फोल्डर मुद्दाम जोडले नसतील, तर नेमके हवे तेच बॅकअपमध्ये नसते.

दुसरा दावा, ‘गूगल ड्राइव्हवर आहे की!’ ड्राइव्ह कॉम्प्युटरशी जोडलेला असला, की इथे पुसलेली फाइल तिथूनही जाते. कचरापेटीत ती 30 दिवस राहते, मग कायमची नष्ट होते. दोन महिन्यांनी आठवण झाली तर हाती काही लागत नाही.

तिसरा दावा, ‘बॅकअप पूर्ण झाल्याचा संदेश आला, मग तपासायचे कशाला?’ गिटलॅब ही सॉफ्टवेअरवाल्यांचीच कंपनी. 31 जानेवारी 2017 रोजी तिथल्या कर्मचाऱ्याच्या हातून चालू डेटाबेस पुसला गेला. बॅकअपच्या पाच पद्धती कागदावर होत्या, पण वेळेला एकही धड उपयोगी पडली नाही. सुदैवाने सहा तासांपूर्वी हाताने घेतलेली एक प्रत सापडली. जाणकारांची ही गत, तर आपण न तपासता विसंबून कसे राहायचे?

मग करायचे काय? तीन प्रती ठेवा, दोन वेगवेगळ्या साधनांवर, आणि त्यांतली एक घराबाहेर. ऑगस्ट 2019 मध्ये वेदगंगा नदीचे पाणी निपाणीलगतच्या यमगर्णीजवळ महामार्गावर चढले होते. असे पाणी घरात शिरले, तर कॉम्प्युटर आणि त्याच टेबलावरची डिस्क दोन्ही एकदम जातील. निपाणीची प्रत बेळगावच्या बहिणीकडे असू द्या.

दर तीन महिन्यांनी पाच-सहा फाइली रिस्टोअर करून पाहा. त्या मूळ जागी न आणता वेगळ्या फोल्डरमध्ये काढा, नाहीतर जुनी प्रत नव्या कामावर बसेल. जमल्यास दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडा. मराठी फाइलींची खरी गोम तिथेच कळते. श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेले निवेदन उघडते, पण पडद्यावर इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी दिसते. मजकूर शाबूत असतो, फॉन्ट नसतो. म्हणून फाइलींबरोबर फॉन्टही जपा, आणि जमेल तसा मजकूर युनिकोडमध्ये आणा. बॅकअपला पासवर्ड असेल तर तो कागदावर लिहून घरातल्या आणखी एकाला सांगून ठेवा.

सीमाभागातल्या मराठी माणसाने आपले पुरावे दुसऱ्या कोणाच्या भरवशावर सोडू नयेत, सॉफ्टवेअरच्याही नाही. येत्या रविवारी तासभर काढा, एक जुने निवेदन बॅकअपमधून काढून शेवटच्या ओळीपर्यंत वाचा. ते वाचता आले नाही, तर तुमच्याकडे बॅकअप नाही असे समजून त्याच दिवशी कामाला लागा.