विजेची शेकोटी आणि आपली जबाबदारी

ग्वाल्हेरची थंडी काय असते, हे पुण्या-मुंबईच्या पाहुण्यांस नुसते सांगून कळत नाही. दौलतराव शिंद्यांच्या छावणीतून 1810 च्या सुमारास वसलेल्या आमच्या लष्कर भागात जुन्या वाड्यांच्या दगडी भिंती डिसेंबर-जानेवारीत रात्रंदिवस गारच असतात आणि पहाटे पारा कधी कधी 5 अंश सेल्सिअसच्याही खाली उतरतो. अशा दिवसांत वृद्धांच्या खोलीत आणि परीक्षेच्या अभ्यासाला बसलेल्या मुलांच्या पायांशी विजेचा हीटर आता सर्रास दिसू लागला आहे. त्याविषयी बाजारात दोनच प्रश्न विचारले जातात : तो किती वर्षे टिकेल आणि वीज किती खाईल? प्रश्न रास्त आहेत. परंतु त्यांच्या आधी विचारावयाचा प्रश्न तिसराच आहे, असे आमचे मत आहे. तो म्हणजे, हा हीटर आपल्या घरात कोठे आणि कसा ठेवला जाणार?

प्रथम त्याचे कार्य पाहू. वहन, अभिसरण आणि प्रारण हे उष्णतेच्या संक्रमणाचे तीन मार्ग आपण विज्ञानाच्या तासाला शिकतो. लाल तापणाऱ्या कांड्यांचा हीटर मुख्यतः तिसऱ्या मार्गाने काम करतो. 1800 साली विल्यम हर्शेल यांनी लोलकातून सूर्यप्रकाशाचे रंग पाडून तांबड्या रंगाच्या पलीकडे, जेथे डोळ्यांस काहीच दिसत नाही तेथे, तापमापक ठेवला. त्यातील पारा वर चढला. तेच हे अवरक्त किरण. थंडीत गच्चीवर उन्हात बसले की ऊब वाटते आणि दोन पावले सावलीत सरकले की हुडहुडी भरते. हवा मात्र दोन्हीकडे जवळजवळ सारखीच असते. हीटरचेही तसेच आहे. तो खोलीतील हवेपेक्षा समोर बसलेल्या माणसास तापवतो.

यावरून काटकसरीचा प्रश्न सुटतो. 'या हीटरला वीज कमी लागते' असे दुकानदार सांगतात, ते अर्धेच खरे आहे. तारेतून जाणारी वीज कोणत्याही साध्या हीटरात जवळजवळ सर्वच्या सर्व उष्णतेत बदलते. त्या बाबतीत स्वस्त आणि महाग असा भेद नाही. भेद आहे तो ती उष्णता जाते कोठे, याचा. आमच्या वाड्यांतील उंच छतांच्या आणि फटी असलेल्या दारांच्या खोल्यांत तापलेली हवा वर जाते आणि बाहेर निसटते. तेथे थेट अंगावर किरण टाकणारा 800 वॅटचा हीटर एका माणसास पुरतो. तो रोज 3 तास याप्रमाणे 60 दिवस वापरला तर 144 युनिटे होतात. 2000 वॅटचा हवा तापवणारा हीटर तितकाच वेळ पूर्ण शक्तीने चालवला तर 360 होतात. उलट, लहान, बंदिस्त खोलीत चार माणसे बसणार असतील, तर सर्व खोली सावकाश उबदार करणारा तेलाचा हीटर अधिक सोयीचा. आणि बाहेरच्या हवेतील उष्णता आत ओढून आणणारे उष्ण-शीत वातानुकूलन यंत्र तर एका युनिटात दोन-तीन युनिटांइतकी ऊब देते. पण त्याची किंमत प्रत्येकास झेपेल असे नाही.

आता आयुष्याविषयी. निकेल व क्रोमियम यांच्या मिश्रधातूची तार आणि तिच्याभोवतीची क्वार्ट्झची नळी काही हजार तास सहज काम देते. वर सांगितलेल्या वापराचे वर्षाला 180 तासच होतात. तेव्हा 2000 तासांची कांडीसुद्धा अकरा वर्षे पुरावयास हवी. मग आपल्या घरातील हीटर दोन-तीन हिवाळ्यांत का बिघडतात? कारण तापलेला हीटर आपण ओढत नेतो, त्यामुळे नळी तडकते. दोरी पिळून, दाराखाली दाबून ठेवतो. ढिल्या प्लगात ठिणग्या पडू देतो. आणि मागच्या चकचकीत पत्र्यावर वर्षभराची धूळ साचू देतो, त्यामुळे किरण पुढे फेकले जात नाहीत. थोडक्यात, यंत्राचे आयुष्य बनवणाऱ्याच्या हाती जितके, तितकेच वापरणाऱ्याच्याही हाती असते.

तथापि आम्हांस अधिक चिंता माणसांच्या आयुष्याची आहे. बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवून झोपल्याने घरेच्या घरे गुदमरल्याच्या बातम्या उत्तर भारतात हिवाळ्यात वारंवार येतात. त्या शेगडीतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड वायूला ना रंग, ना वास. विजेच्या हीटरात काहीच जळत नसल्याने हा वायू निर्माण होत नाही आणि हवेतील प्राणवायूही खर्च होत नाही. तेव्हा शेगडी सोडून हीटर घेणे हे निःसंशय पुढचे पाऊल आहे. पण म्हणून तो निर्धोक ठरत नाही. पांघरुणे, मच्छरदाणी, पडदे आणि पुस्तके यांपासून तो निदान 3 फूट दूर असावा. त्यावर ओले कपडे वाळत घालणे म्हणजे आगीस आमंत्रण देणे होय. तो न्हाणीघरात नेऊ नये. 2000 वॅटचा हीटर 230 व्होल्टवर जवळजवळ 9 अँपिअर प्रवाह ओढतो; त्यास भूसंपर्क असलेला 16 अँपिअरचा तीन पिनांचा प्लगच हवा, पंख्याचा लहान प्लग किंवा जोडदोरी चालणार नाही. खरेदी करताना आयएसआय चिन्ह आणि आडवा पडल्यास आपोआप बंद होण्याची सोय पाहावी.

वृद्धांविषयी विशेष सांगावयाचे आहे. मधुमेहाने ज्यांच्या पायांची संवेदना मंदावली आहे, त्यांस भाजत असल्याचे कळतही नाही. रोज तासन्तास जवळून शेकल्याने नडग्यांवर जाळीसारखे तपकिरी डाग उमटतात. म्हणून आजी-आजोबांचा हीटर त्यांच्या सोयीने जवळ ओढून देऊन आपण निघून जावे, हे योग्य नव्हे. झोपण्यापूर्वी खोली उबदार करावी, दुलई पांघरून द्यावी आणि हीटर बंद करून प्लग काढावा. रात्रभर तो चालू ठेवणे ही मायाही नव्हे आणि सोयही नव्हे.

कोणी म्हणतील, या गोष्टी घरातील वडीलधाऱ्यांनी पाहाव्यात. विद्यार्थ्यांस त्यांचे काय? आम्हांस हे पटत नाही. प्रारण, विद्युत्-प्रवाह आणि भूसंपर्क यांचे धडे घरात ज्यांनी नुकतेच वाचले आहेत, ते विद्यार्थीच आहेत. ते ज्ञान उत्तरपत्रिकेत गुण मिळवून संपत असेल, तर शिक्षण अपुरे राहिले असे म्हणावे लागेल. प्रत्येक विद्यार्थ्याने या रविवारी घरातील हीटर बंद व थंड असताना त्याची दोरी, प्लग आणि ठेवण्याची जागा वडिलांसमवेत पाहावी. दोरी उकललेली असेल किंवा प्लग काळवंडला असेल, तर स्वतः काही खटपट न करता वायरमनला बोलवावयास सांगावे. अर्ध्या तासाचे हे काम आहे, आणि ते करण्यास पुढच्या हिवाळ्याची वाट पाहण्याचे काहीच कारण नाही.